रस्सा संपला, शटर खाली!

कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा, अंबाबाई आणि पन्हाळा, असा आपला वीकेण्डचा ठरलेला प्लॅन. पण आपली सरबराई करणाऱ्यांचं 'ऑफिस' कसं असतं? त्यांची सुट्टी कधी, त्यांचं जेवण कधी? या वेळी हॉटेलच्या मागच्या दारानं केलेली कोल्हापूरची सफर...

हॉटेलच्या बाथरूममधली ती छोटीशी पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. कोपऱ्यात हिरवं पान आणि खाली वळणदार अक्षरांत विनंती, 'पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा!' आपणही शहाण्या मुलासारखा टॉवेल दांडीवर वाळत टाकतो आणि पर्यावरणाची केवढी सेवा केली, अशा थाटात ब्रेकफास्टला खाली उतरतो. तिथे मात्र 'बुफे आहे ना, घ्या हो!' म्हणत बशीत चार इडल्या, दोन ऑम्लेटं, वर एक डोनट... आणि त्यातलं निम्मं बशीतच!

हल्ली प्रत्येक हॉटेलला 'ग्रीन' व्हायचंय. गच्चीवर सोलर, टेबलावर काचेची बाटली, बाथरूममध्ये बांबूचा टूथब्रश. छानच आहे सगळं. पण तो टॉवेल धुणारा, चादर ताणून बसवणारा आणि रात्री साडेअकरा वाजता हसतमुखानं 'अजून एक रोटी, सर?' असं विचारणारा माणूस सकाळपासून किती तास उभा आहे, हे त्या पाटीवर कधीच लिहिलेलं नसतं. 'सस्टेनेबल'चा साधा अर्थ टिकणारं. पाणी टिकायला हवं, वीज टिकायला हवी, हे पटतं. मग माणूस टिकायला नको?

या प्रश्नासाठी मॅनेजमेंटच्या जाडजूड पुस्तकात डोकं घालण्यापेक्षा मी सरळ महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. कोल्हापूरच का? कारण या शहरात पाहुण्याला 'पावणं' म्हणतात आणि पावणं उपाशी गेलं तर अख्ख्या गल्लीला वाईट वाटतं. रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न 'कुठनं आलासा?' आणि दुसरा 'जेवलासा का?'. जिथे पाहुणचार हा धंदा होण्याआधी स्वभाव होता, तिथे त्याचं मॅनेजमेंट कसं चालतं, हे बघायचं होतं.

पातेलं हेच टार्गेट

सुरुवात अर्थातच मिसळीनं. शिवाजी उद्यमनगर हा कोल्हापूरचा जुना कारखान्यांचा भाग. फौंड्री, लेथ, वर्कशॉप, लोखंडाचा वास. आणि त्याच्या मधोमध मिसळीसाठी नंबर लावून उभी असलेली माणसं. फडतरे मिसळीचं नाव पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी सर्वदूर केलंय, पण मिसळ ही मुळात शिफ्टला जाणाऱ्या कामगाराची न्याहारी. मटकीची उसळ, शेव-चिवडा, वरून लालभडक कट, कांदा, लिंबू आणि सोबत ब्रेडचे स्लाइस. पाव मागितलात की तुम्ही बाहेरगावचे, हे तिथल्या तिथे जाहीर होतं!

मी गेले ते एका वेगळ्याच, बोर्डही धड नसलेल्या दुकानात. साडेबाराच्या सुमाराला माझ्या मागे उभ्या असलेल्या आठ जणांच्या ग्रुपला मालकांनी हात जोडले. 'संपलं बगा.' ग्रुप हिरमुसला. त्यातला एक जण चिकाटीचा. 'काका, बनवा ना परत. आम्ही थांबतो तासभर.' काका हसले. 'तासात हुईत नाही ओ ते.'

खरंच होत नाही. मिसळीचं गणित आदल्या दिवशी सुरू होतं. मटकी भिजवायची, उपसायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, याला दीड दिवस लागतो. म्हणजे आज किती बश्या विकायच्या, हे काल-परवा भिजवलेल्या मटकीनं ठरवलेलं असतं. कटासाठी कांदा-खोबरं भाजायचं, वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं ते पहाटेच्या अंधारात. घाईनं दुसरा कट काढला तर चव बदलणार, आणि चव बदलली की उद्याचं गिऱ्हाईक गेलं. म्हणून पातेलं रिकामं झालं की विषय संपला.

आता याकडे जरा मॅनेजमेंटच्या चष्म्यातून बघा. उरलंसुरलं फेकायचा प्रश्न नाही. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करायचा प्रश्न नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुपारी भांडी घासून झाली की दुकानातली पाचही माणसं मोकळी. आपल्या ऑफिसात टार्गेट पूर्ण झालं की बॉस काय करतो? पुढच्या क्वार्टरला ते वाढवून ठेवतो. इथे टार्गेट म्हणजे पातेलं, आणि पातेल्याचा आकार गेल्या कित्येक वर्षांत बदललेला नाही. ग्राहक वाढले, रांग वाढली, पातेलं तेवढंच. 'मोठं का नाही घेत?' मी विचारलंच. 'उचलायला माणसं कोण आणू?' असं उत्तर आलं.

एका बोकडाचा हिशोब

दुपारी मटणाची खानावळ. बाहेर चपलांचा ढीग, आत स्टीलची ताटं. कोल्हापुरात मटणाचे वार ठरलेले. बुधवार, शुक्रवार, रविवार गर्दीचे. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा उपास नाहीतर वार. त्यामुळे खानावळीचं वेळापत्रकही देवादिकांनीच लावून दिलेलं. बऱ्याच ठिकाणी दुपारी तीनच्या सुमाराला दार बंद आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा उघडं.

आपण 'तांबडा-पांढरा' असं एका दमात म्हणतो, पण दोघांची आई एकच, मटण शिजवलेलं अळणी पाणी. हळद-मिठात मटण शिजलं की त्या पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू-तिळाचं वाटण गेलं की पांढरा. कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण गेलं की तांबडा. मटणाचं सुकं होतं, खिम्याचे वडे होतात, मुंडी आणि पाया वेगळे शिजतात, रक्ती परतली जाते. लंडनच्या सेंट जॉन रेस्तराँनं १९९४पासून जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवण्याचा फंडा जगात गाजवला. कोल्हापूरच्या खानावळीत त्याला 'फंडा' म्हणत नाहीत. मटण महाग आहे, फेकणार कोण?

चटणीही तशीच. उन्हाळ्यात मिरची वाळवायची, मसाले भाजायचे आणि डंकावर जाऊन वर्षाची चटणी कांडून आणायची. मिरची संकेश्वरची किंवा ब्याडगीची, म्हणजे शेजारच्याच मुलखातली. ज्याला आपण 'लोकल सोर्सिंग' म्हणून प्रेझेंटेशनमध्ये टाकतो, ते इथे बरणीत भरून फडताळात ठेवलेलं असतं.

पण मला खरं बघायचं होतं ते खानावळीच्या मागच्या पडवीत. तिथे तीन बायका ओळीनं बसून भाकरी थापत होत्या. गॅसच्या शेगडीवर मोठा तवा, समोर पिठाची परात. एकीच्या हाताचा ठोका पडला की दुसरीची भाकरी तव्यावर. अशा ठिकाणी पुष्कळदा नगावर पैसे मिळतात, जितक्या भाकऱ्या तितका रोज. म्हणजे तुमच्या-माझ्या ताटात न खाता टाकलेली अर्धी भाकरी कुणाच्या तरी खांद्यातून आलेली असते. मी शेजारी बसले तशी सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, 'अगं, शिकून काय करतीस? तुज्या हातची भाकरी पावण्यानं टाकली तर माझं नाव जाईल.'

या खानावळीची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. तीन वाजता दार लागलं की आधी सगळ्यांचं जेवण. वाढपी, भांडीवाल्या, भाकरीवाल्या मावशी, गल्ल्यावर बसणारे मालकांचे चिरंजीव, सगळे एकाच पंगतीला, आणि गिऱ्हाइकाला वाढलेलाच रस्सा. त्या दिवशी पांढरा कमी उरला होता. मालकीणबाईंनी तो आधी मावशींच्या वाटीत घातला.

राजानं मागवलेला चहा

एकाच पंगतीची ही गोष्ट आज साधी वाटते. पण कोल्हापुरात ती साधी नव्हती, आणि ती घडवायला एका राजाला चहा प्यायला जावं लागलं होतं.

गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले. पागेत इतरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला त्यांनी हात लावला, म्हणून बरोबर काम करणाऱ्यांनीच त्यांना बेदम मारलं. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्कप्लेसमधली हिंसा, तीही पाण्यावरून. महाराज बाहेरगावाहून परतल्यावर कांबळे यांनी आपली कैफियत त्यांच्या कानावर घातली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण कांबळे यांना नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि मदत केली. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल उभं राहिलं. नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल निघालं खरं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येणार कुठून? मग महाराज स्वतःच गेले. भर रस्त्यात गाडी थांबवून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचा. राजानं घेतलेल्या कपाला नाही कोण म्हणणार! १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखणारा आणि १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायला मनाई करणारा हा राजा. कायदा कागदावर करता येतो, पण हॉटेलात कुणाच्या हातचं खायचं हे गिऱ्हाईक ठरवतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो गिऱ्हाईक झाला.

शाहू महाराज १९२२ साली गेले. त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभं राहिलं, ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांच्या पुढाकारानं.

भाऊसिंगजी रोडवरून चालताना मला सारखा तो हौद आठवत होता. कारण हौद गेले, पण त्यांची भावंडं अजून आहेत. स्टाफसाठी वेगळी लिफ्ट, पाहुण्यांचं टॉयलेट वापरायला बंदी, 'स्टाफ मील' या गोंडस नावाखाली काल उरलेलं. ही काही एकट्या कोल्हापूरची गोष्ट नाही. तुमच्या-माझ्या ऑफिसातल्या पॅन्ट्रीत चहा देणाऱ्या दादांचा कप कुठे ठेवलेला असतो, एकदा बघाच.

डबल ड्यूटी

संध्याकाळी स्टॅण्डजवळच्या एका लॉजच्या गच्चीवर तीन मुलांशी गप्पा झाल्या. एक चंदगडकडचा, एक सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावचा, एक थेट ओडिशाचा. रूमबॉय, वेटर आणि भटारखान्यात हाताखाली काम करणारा. त्यांची भाषा मजेशीर, कोल्हापुरी, कानडी आणि हिंदी यांची मिसळच. वयं विशी-बाविशीची. आपलीच पिढी, फक्त यांच्या कॅलेंडरमध्ये वीकेण्ड उलटा. आपण शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करतो, तेव्हा यांचा आठवडा सुरू होतो. दिवाळी, मे महिना, नवरात्र, सलग सुट्ट्या. जेव्हा जेव्हा आपण 'चिल' करतो, तेव्हा यांना डबल ड्यूटी.

झोपायचं कुठे? हॉलमधली टेबलं जोडून. कपडे कुठे? जिन्याखालच्या पेटीत. पगारातून उचल कापली जाते, खाडा झाला तर तोही. 'सुट्टी हाय की,' चंदगडचा म्हणाला, 'पण गावाला जाऊन यायला पुरत न्हाई.'

कायदा काय सांगतो? महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आठवड्याची सुट्टी आहे, जादा तासांना दुप्पट दर आहे. अडचण अशी की अगदी छोट्या हॉटेलांना त्यातल्या बऱ्याच अटी लागूच होत नाहीत, आणि कोल्हापूरसारख्या शहराची खरी खातिरदारी करतात ती छोटीच हॉटेलं. एक गोष्ट मात्र नक्की बदलली. १० ऑक्टोबर २००६पासून हॉटेल-ढाब्यांवर १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली आणि २०१६च्या दुरुस्तीनं ती आणखी कडक झाली. कपबश्या विसळणारा शाळकरी पोरगा आता सहसा दिसत नाही. आपली हाक मात्र अजून 'ए बारक्या!' अशीच. समोरचा बारक्या चोवीस वर्षांचा असतो आणि त्याला नाव असतं.

मालकांची बाजूही ऐकली. एका मध्यम हॉटेलाचे मालक सरळ हिशोबाचे गृहस्थ. त्यांनी दोन वर्षांपूर्वी आठवड्यातून एक दिवस भटारखाना बंद ठेवायला सुरुवात केली. 'समाजसेवा म्हणून न्हवं हं,' त्यांनी लगेच खुलासा केला. वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, कंटाळून गेला की त्याच्याबरोबर चव जाते. नवा येतो तो आपली चव घेऊन. जुनी गिऱ्हाइकं पहिल्याच घासाला ओळखतात. नवा पोरगा तयार व्हायला एक सीझन जातो, तोवर ग्लास फुटतात आणि ऑर्डरी चुकतात. हे सगळं मांडलं तर एक दिवसाचा गल्ला स्वस्त पडतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी कटकट केली. आता पाटीची सवय झाली.

शिवाय कोल्हापूरनं लागोपाठ तीन फटके खाल्लेत. ऑगस्ट २०१९चा महापूर, २०२०चा लॉकडाऊन आणि २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता आणि अडकलेल्या ट्रकवाल्यांना आसपासच्या लोकांनी बिलाशिवाय जेवू घातलं. हा झाला पाहुणचार. पण हॉटेलं बंद पडली की रोजावरच्या माणसाची चूल त्याच दिवशी विझते, हीसुद्धा याच महापुराची गोष्ट. त्या दिवसांत ज्यांनी पोरांना निम्मा का होईना पगार पाठवला, त्यांच्याकडे पोरं परत आली. बाकीचे अजून 'कामगार पाहिजेत'ची पाटी लावून बसलेत, असं या मालकांचं निरीक्षण.

किरणांच्या वाटेत

दुसऱ्या दिवशी अंबाबाई. नवरात्रात इथे लाखोंची रीघ लागते, पण मला आठवत होता किरणोत्सव. दर वर्षी ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी साधलेलं हे गणित.

गेल्या काही वर्षांत मात्र ही किरणं कधीकधी वाटेतच अडखळतात. कधी ढग, कधी धुरकट हवा आणि कधी पश्चिमेकडे वाढलेल्या इमारती, गच्चीवरच्या टाक्या. त्यांचे अडथळे मोजायला चक्क पाहण्या कराव्या लागल्या. म्हणजे बघा, माणसं येतात देवीसाठी. माणसांसाठी शहर उंच होतं. आणि उंच शहर देवीच्या आणि सूर्याच्या मधे उभं राहतं! टुरिझमच्या 'सस्टेनेबिलिटी'वर याहून सोपा धडा मला तरी माहीत नाही.

अंबरखान्याचं गणित

शहरापासून साधारण २० किलोमीटरवर पन्हाळा. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. बातमी आली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण पन्हाळ्याचं वेगळेपण असं की हा नुसता किल्ला नाही, नांदतं गाव आहे. काही हजार माणसांची गडावर घरं आहेत, नगरपरिषद आहे, लॉज आहेत, झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत. यादीत नाव लागण्याआधीच इथल्या लोकांनी धास्ती बोलून दाखवली होती. घर दुरुस्त करायला परवानगी मिळेल का? टपरी राहील का? वारसा जगाचा झाला, पण रोजचं पाणी भरणारे आम्हीच, हा त्यांचा मुद्दा चुकीचा कसा म्हणणार?

गडावर मी तीन दरवाजा पाहिला, अंधारबाव पाहिली आणि सगळ्यात जास्त वेळ अंबरखान्यात काढला. गंगा, यमुना, सरस्वती अशा नावांची प्रचंड धान्यकोठारं. २५ हजार खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरनं वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज जवळपास चार महिने याच गडावर होते. वेढ्यात गड लढवायचा म्हणजे आधी धान्य मोजायचं, पाणी मोजायचं, मग माणसं. किती दिवस पुरेल, किती जणांना पुरेल? किल्लेदाराचं खरं मॅनेजमेंट हेच.

आज नेमकं हेच गणित राहून जातंय. रविवारी गडावर किती गाड्या मावतात? किती बाटल्या, किती ताटं, किती कचरा हे गाव पेलू शकतं? व्हेनिसनं २५ एप्रिल २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेश लावला. तेवढं लांब नको, साताऱ्याचं कास पठार घ्या. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठेवून ऑनलाइन बुकिंग सुरू झालं आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांकडे आली. फुलं वाचवायची तर गावातल्या पोरांना तिथे काम मिळायला हवं, हा त्यातला शहाणपणा.

पन्हाळ्यावर मर्यादा येतील, यायलाच हव्यात. पण त्या ठरवताना मिसळवाल्या काकांसारखा विचार व्हावा, असं मनापासून वाटतं. पातेलं उचलणाऱ्याला विचारून पातेल्याचा आकार ठरावा. झुणका-भाकरीवाल्या मावशींना विचारल्याशिवाय गडाचा आराखडा झाला, तर किल्ला राहील पण पावण्याला भाकरी कोण देणार? माझ्या मावशींनी त्या दिवशी पाच वाजताच टोपली आवरली. खाली जाणारी गाडी चुकली तर घरी पोचायला अंधार होतो. दोन जोडपी 'अजून एक प्लेट' म्हणून थांबली होती. 'पीठ सपलं बाळांनो, उद्या या,' म्हणत त्या चालू लागल्या.

जोडपी जरा नाराज झाली. मला मात्र त्या 'सपलं'मध्ये कोल्हापूरचं सगळं मॅनेजमेंट दिसलं. हे शहर पाहुण्याला पोटभर वाढतं, कारण कधी थांबायचं ते त्याला अजून कळतं. आपण शहरातून येताना मात्र 'चोवीस तास, सातही दिवस' हा हट्ट डिकीत घालून आणतो. रात्री अकराला गरम जेवण हवं, पहाटे पाचला चेक-इन हवं, आणि नाही मिळालं तर एक स्टार! शाहू महाराजांनी गिऱ्हाईक होऊन एका हॉटेलाचं नशीब बदललं. आपण राजे नाही, पण बिल आपणच भरतो.

पावणं म्हणून जाताय?

कसं जाल : मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. पुण्याहून रस्त्यानं साधारण २३० किलोमीटर. पन्हाळ्याला एसटी आहे, गाडी शहरात ठेवून जा.

कधी जाल : जमलं तर रविवार टाळून मधल्या वारी. तुम्हाला टेबल मिळेल आणि वाढणाऱ्याला श्वास. किरणोत्सव बघायचा तर नोव्हेंबर नाहीतर जानेवारीअखेर.

हाक कशी माराल : 'ए बारक्या' नको. 'दादा', 'मावशी', 'काका' चालतं. नाव विचारलंत तर आणखी छान.

ताटात काय घ्याल : लागेल तेवढंच. रस्सा परत वाढतात, त्यामुळे पहिल्यांदाच वाटी काठोकाठ भरायची गरज नाही. भाकरी टाकू नका, ती थापलेली आहे.

टिप कशी द्याल : शक्यतो हातात, आणि निघताना रूम आवरणाऱ्यालाही. तो बिलाच्या वेळी समोर नसतो.

चेक-इन करताना काय विचाराल : वाय-फायच्या पासवर्डाबरोबर एवढंच, 'तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?' उत्तरावरून हॉटेल कळतं. रिव्ह्यू लिहाल तेव्हा तेही लिहा.

आणि मिसळीला बाराच्या आत पोचा. संपली असेल तर संपली. मटकी उद्यासाठी भिजत घातलेली असते.